घरच्या घरी फळांचा सोडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला आज दोन शब्द बोलण्यास सांगितले, हा मी माझा मान समजते. मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल आणि मूल सांभाळणारी बाई आहे. व्यासपीठावरून बोलण्याची मला सवय नाही. परंतु विषय स्वयंपाकघरातला आहे, म्हणून धीर झाला. मोठे शब्द मला येत नाहीत. जे रोजच्या हाताखालचे आहे तेच सांगणार आहे.

गेल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे पिता पिता घरी केलेल्या मोसंबीच्या सोड्याचा विषय निघाला. काही जणींनी कृती विचारली. तेवढ्यात एक आजी म्हणाल्या, "अगं, रस आंबवायचा म्हणजे ती दारूच झाली की! आपण दारूबंदीसाठी ओरडायचं आणि घरात हे करायचं?" सगळ्या हसल्या, पण मला हसू आले नाही. आजींचा प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर दिल्याशिवाय नुसती कृती सांगणे बरोबर नाही. म्हणून आज मी दोन्ही गोष्टी सांगते. सोडा कसा करावा आणि आजींच्या प्रश्नाचे उत्तर काय.

प्रथम हे ध्यानात घ्या की आंबविणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. रात्री दुधाला विरजण लावतो, सकाळी दही होते. इडलीचे पीठ रात्रीतून फुगते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात. ज्वारीच्या पिठाची आंबील आपल्या आयाआज्या करीत आल्या. उन्हातान्हात रानात जाणाऱ्या माणसाला तिच्याइतके थंड दुसरे काही नव्हते. आपल्या प्रत्येक सणावाराला काही ना काही आंबविलेले असतेच. फक्त आपण त्याला शास्त्र म्हणत नाही, हाताचा गुण म्हणतो.

मात्र आंबण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक समजून घेतला पाहिजे. दह्यातले जंतू दुधातली साखर खाऊन आंबटपणा तयार करतात. त्यात नशा नसते. दुसरा प्रकार यीस्टचा. पाव फुगतो तो यीस्टमुळे. हे यीस्ट डोळ्यांना दिसत नाही, पण हवेत असते, आल्याच्या सालीवर असते, द्राक्षाच्या, जांभळाच्या सालीवर असते. ते गोड पदार्थ खाते आणि त्यातून दोन वस्तू बाहेर टाकते. एक म्हणजे सोड्याला फेस आणणारा वायू आणि दुसरी म्हणजे मद्यार्क. ही गोष्ट फ्रान्समधील लुई पाश्चर या शास्त्रज्ञांनी १८५७ पासून पुढच्या काही वर्षांत प्रयोगांनी दाखवून दिली. त्याआधी लोकांना वाटे की रस आपोआपच आंबतो.

बाजारच्या सोड्यात वायू असतो, पण तो आंबवून आलेला नसतो. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या शेजारी बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या पिंपावर जो वायू तरंगतो तो त्यांनी १७६७ साली पाण्यात मिसळून पाहिला आणि पाणी चवदार लागले. पुढे हाच वायू यंत्राने पाण्यात कोंबू लागले. गोळीची बाटली आपण सर्वांनी पाहिली आहे. ती हिराम कॉड नावाच्या इंग्रजाने काढली, १८७२ साली. बाटलीतला वायूच ती गोळी वर ढकलून धरतो, म्हणून बुचाची गरज नाही. आपल्या पुण्यात आर्देशीर यांचा सोड्याचा कारखाना १८८४ पासूनचा. तिथली रासबेरी आणि जिंजर पुणेकर अजून आठवणीने सांगतात. म्हणजे वायू तोच. कारखान्यात तो नळीने येतो, आपल्या बरणीत तो आल्याच्या सालीवरच्या यीस्टकडून येतो, एवढाच फरक.

आता कृती सांगते.

आधी विरजण तयार करावयाचे. दह्याला जसे विरजण, तसे सोड्याला आल्याचे विरजण. ताजे, रसरशीत आले घ्यावे. माती स्वच्छ धुवावी, पण साल काढू नये. सगळा गुण सालीतच आहे. दोन पोह्याचे चमचे किसलेले आले, दोन चमचे साखर आणि दोन वाट्या पाणी काचेच्या बरणीत घालावे, नीट ढवळावे आणि तोंडाला स्वच्छ पातळ फडके बांधून ओट्याच्या कोपऱ्यात, उन्हापासून दूर ठेवावे. घट्ट झाकण लावू नये. रोज एक चमचा आले आणि एक चमचा साखर घालून ढवळत राहावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन ते तीन दिवसांत, थंडीत पाच ते सात दिवसांत, त्यावर बुडबुडे येऊ लागतात. कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. वास आल्याचा, थोडा आंबूस यावा. असे झाले की विरजण तयार समजावे.

येथे पाण्याविषयी थोडे सांगणे जरूर आहे. आपल्याकडे मिरी-तिसगाव योजनेचे पाणी असो, टँकरचे असो की टाकीचे असो, त्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. पावडर जंतू मारण्यासाठीच असते, तेव्हा ती आपले यीस्टही मारते. मग आठवडा झाला तरी बुडबुडा येत नाही आणि आपण आल्याला दोष देतो. म्हणून पाणी दहा मिनिटे उकळावे, उघड्या पातेल्यात गार करावे आणि मगच वापरावे. उकळल्याने पाण्यातले रोगजंतू मरतात आणि पावडरीचा वासही जातो. ज्यांच्याकडे बोअरचे पाणी आहे त्यांनीही उकळूनच घ्यावे.

भांडे काचेचे किंवा स्टीलचे घ्यावे. पितळेच्या भांड्यात आंबट कळकते, हे मी आपणांस सांगावयास नको. ॲल्युमिनियमचेही नको.

विरजणावर हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी आली, तर वरची काढून खालचे वापरू असा काटकसरीचा विचार करू नये. सगळे ओतून टाकावे, बरणी उकळत्या पाण्याने धुवावी आणि नव्याने लावावे. बुरशीची मुळे खोल जातात, ती दिसत नाहीत. सडका वास आला तरी तेच करावे.

आता सोडा. एक लिटरचे प्रमाण देते. मोसंबीचा रस ४०० मिलिलिटर, म्हणजे साधारण दोन मोठे पेले. उकळून गार केलेले पाणी ५०० मिलिलिटर. साखर ५० ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले चार पोह्याचे चमचे. आल्याचे गाळलेले विरजण १०० मिलिलिटर. अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. लिंबू चवीसाठी तर आहेच, पण आंबटपणामुळे वाईट जंतूंना वाव मिळत नाही, म्हणूनही ते घालावे. साखर पूर्ण विरघळवावी, मग विरजण मिसळावे, पुन्हा गाळावे आणि बाटलीत भरावे. बरणीत जेवढे विरजण काढले तेवढे पाणी आणि थोडी साखर व आले परत घालून ठेवले की पुढच्या वेळेला ते तयार असते.

मोसंबी आणि संत्री यांचा एक स्वभाव आहे. रस काढून ठेवला की तो हळूहळू कडू होतो. बिया चिरडल्या किंवा आतली पांढरी साल रगडली तर जास्तच कडू होतो. म्हणून बिया काढून, हलक्या हाताने पिळून, रस काढल्याबरोबर बाटली भरावी. यंत्रात साल-बियांसकट फिरविलेला रस या कामाचा नाही. डाळिंबाचेही तसेच, दाणे फडक्यात घालून हाताने दाबावे, मिक्सरमध्ये बिया भरडल्या की तुरटपणा उतरतो.

बाटली कोणती घ्यावी, हा या सगळ्या भाषणातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कृपा करून लक्ष द्यावे. काचेची बाटली घेऊ नये. थंड पेयाची रिकामी प्लॅस्टिकची बाटली, जी मुळात वायूचा दाब सोसण्यासाठीच केलेली असते, ती स्वच्छ धुऊन घ्यावी. पाण्याची पातळ बाटली चालत नाही. वर तीन बोटे जागा रिकामी ठेवावी आणि झाकण घट्ट लावावे. प्लॅस्टिकच्या बाटलीचा मोठा फायदा असा की ती दाबून पाहता येते. भरताना ती दबते. वायू साठत जातो तशी ती घट्ट होत जाते. दाबली असता थोडी दबून लगेच परत उठू लागली की सोडा तयार झाला. तिला दगडासारखी होऊ देऊ नये. आपल्या चैत्र-वैशाखातल्या उकाड्यात हे आठ ते बारा तासांत होते. म्हणून रात्री भरली तर सकाळी उठल्याबरोबर पाहावी. थंडीत दीड-दोन दिवस लागतात. घड्याळावर विसंबू नये, हातावर विसंबावे.

बाटली घट्ट झाली की लगेच फ्रिजमध्ये ठेवावी. थंडीत यीस्ट मंद होते, पण मरत नाही. म्हणून फ्रिजमध्येसुद्धा रोज एकदा झाकण किंचित सैल करून वायू सोडावा आणि तीन-चार दिवसांत संपवावी. वीज दिवसभर गेली तर बाटली पुन्हा तापते आणि काम पुन्हा सुरू होते, हे विसरू नये. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवावी आणि त्याच दिवशी पिऊन टाकावी. माठाचा गारवा वेग कमी करतो, थांबवीत नाही. उघडताना मोरीत, तोंड आपल्यापासून दूर धरून, हळूहळू फिरवून उघडावी. पोरांच्या हाती देऊ नये. आणि एस.टी.तून, मोटारसायकलवरून, उन्हातून माहेरी वगैरे नेण्याच्या फंदात मुळीच पडू नये.

एवढी भीती कशाची, असे आपणांस वाटेल. माझी मुलगी बारावीला शास्त्र शाखेत आहे. तिने मला वहीत हिशेब मांडून दिला. तो येथे सांगते, कारण त्याच हिशेबात आजींच्या प्रश्नाचेही उत्तर आहे.

यीस्ट जेवढी साखर खाते, तिच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा वायू होतो आणि निम्मा मद्यार्क. आपल्या एक लिटरच्या बाटलीत रसाची आणि वरून घातलेली मिळून सुमारे ८० ग्रॅम साखर असते. त्यांतली फक्त ८ ग्रॅम खाल्ली गेली, तर ४ ग्रॅम वायू होतो. चार ग्रॅम ऐकायला थोडे वाटते, पण तो मोकळा सोडला तर सुमारे दोन लिटर जागा व्यापतो. म्हणजे लिटरभर सोड्यात दोन लिटर वायू बसला. एवढ्याने जिभेला हलका फेस लागतो. १२ ग्रॅम साखर खाल्ली गेली, तर तीन लिटर वायू. बाजारच्या पेयासारखा चांगला झणझणीत फेस. आणि आपण विसरलो, बाटली तशीच उन्हाळ्यात बाहेर राहिली आणि सगळी ८० ग्रॅम साखर खाल्ली गेली, तर वीस लिटर वायू त्या एका बाटलीत कोंडला जाईल! कोणती बाटली तो सोसेल? म्हणून काच नको म्हणते. काच फुटली तर डोळा जातो.

आता त्याच हिशेबाची दुसरी बाजू पाहू. ८ ग्रॅम साखरेतून ४ ग्रॅम मद्यार्क होतो. मापाने तो सुमारे ५ मिलिलिटर. लिटरभरात ५ मिलिलिटर म्हणजे अर्धा टक्का. झणझणीत फेस आणला तर पाऊण टक्का. विरजणातून थोडा येतो तो वेगळाच. आणि सगळी साखर खाल्ली गेली तर पाच टक्के, म्हणजे जवळजवळ बिअरइतका.

तेव्हा भगिनींनो, आजींच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे. घरी आंबविलेल्या सोड्यात मद्यार्क नसतोच, असे जर कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. तो असतो. वेळेवर थांबविला तर फारच थोडा असतो, पेलाभर पिऊन नशा येत नाही. पण वेळेवर थांबविला नाही तर तो वाढतच जातो आणि त्याला लागणारा वेळ आपल्याकडच्या उन्हात दिवसांचाच असतो. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेले पेय मद्यात धरले आहे. आपला सोडा नेमका त्या रेषेवर उभा आहे. थोडे अलीकडे किंवा थोडे पलीकडे, आणि घरात मोजण्याचे साधन आपल्याकडे नाही.

ही रेषा आपल्या देशात आणखीही ठिकाणी दिसते. मुंबई-पुण्याकडे नीरेची दुकाने आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. माडाचा किंवा शिंदीचा रस रात्री मडक्यात धरतात, सूर्य उगवण्यापूर्वी उतरवितात, मडक्याला आतून चुना लावतात आणि रस थंड ठेवतात. तोपर्यंत ती नीरा, लहान मुलानेही प्यावी अशी. तोच रस उन्हात काही तास राहिला की ताडी. गोव्यात काजूच्या बोंडाचा रस ताजा असतो तेव्हा त्याला नीरो म्हणतात आणि त्याच दिवशी पितात. तोच दोन-तीन दिवस आंबवून भट्टीवर चढविला की पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुढे फेणी. फळ तेच, हात तेच. वेळ आणि ऊन यांनी फरक पडतो.

आपल्या मंडळाने दारूबंदीच्या बाजूने नेहमी आवाज दिला आहे. दारूने घर कसे बसते, हे येथे बसलेल्या कित्येक जणींना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. महाराष्ट्रात २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातील महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले तर गावातले दारूचे दुकान बंद होते. हा अधिकार बायकांनी लढून मिळविला आहे. अशा बायकांनी आपल्या ओट्यावर काय चालले आहे ते डोळसपणे पाहावे, एवढेच मला म्हणावयाचे आहे. मी सोडा करू नका म्हणत नाही. मी स्वतः करते. पण काही बंधने मी पाळते, ती आपल्यापुढे नम्रपणे ठेवते.

पहिले असे की कोणालाही न सांगता हा सोडा देऊ नये. पेला हातात देण्याआधी "हा आंबविलेला आहे" एवढे चार शब्द बोलावेत. आपल्यात गळ्यात माळ घातलेल्या मावशी आहेत, मुसलमान भगिनी आहेत, जैन भगिनी आहेत. थोडासुद्धा मद्यार्क त्यांना वर्ज्य असू शकतो. त्यांचा नेम त्यांच्या नकळत मोडणे हे पाप आहे, मग तो अर्धा टक्का असो की पाव.

दुसरे, लहान मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना तो देऊ नये. त्यांना ताजे सरबत द्यावे.

तिसरे, ज्या घरात कोणी दारू सोडली आहे, त्या घरात तो मुळीच नेऊ नये. दारू सोडण्यासाठी काही औषधे अशी देतात की त्यांवर थोडासा मद्यार्क पोटात गेला तरी माणसाला घाबरे होते, उलट्या होतात. शिवाय चव आणि वासाने जुनी सवय जागी होते. एखाद्या वहिनीने मोठ्या कष्टाने नवऱ्याला सावरलेले असते. आपल्या सोड्याच्या हौसेपायी तिची मेहनत वाया जाऊ नये.

चौथे, मधुमेहाच्या माणसाने आंबविले म्हणजे साखर गेली असे समजू नये. ८० ग्रॅमपैकी ८-१२ ग्रॅम गेली, बाकीची ६८-७२ ग्रॅम तशीच आहे. बाजारच्या थंड पेयात लिटरला शंभर ग्रॅमहून अधिक साखर असते, त्यापेक्षा आपली कमी, इतकेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की मोठ्या माणसाने दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो २५ ग्रॅमपर्यंतच साखर घ्यावी. फळाच्या रसातली साखरही त्यात धरावयाची असते. तेव्हा पेला लहान असावा.

आता काही जणी म्हणतील, "मग फेस हवा पण मद्यार्क नको, असे काही नाही का?" आहे की! बाजारचा साधा सोडा थंड करून आणावा आणि पेल्यात निम्मा रस व निम्मा सोडा घालून लगेच द्यावा. त्यात आंबविणे नाही, म्हणून मद्यार्कही नाही. किंवा लिंबाच्या सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून फसफसताच प्यावे. आंबट आणि सोडा एकत्र आले की तोच वायू निघतो. फक्त रक्तदाबाच्या माणसाने हे रोज घेऊ नये, कारण खाण्याच्या सोड्यात मिठासारखाच सोडियम असतो. मंडळाच्या हळदीकुंकवाला, वर्धापनदिनाला, शाळेच्या मुलांच्या कार्यक्रमाला हाच प्रकार ठेवावा, आंबविलेला ठेवू नये, अशी माझी सूचना आहे. तिच्यावर कार्यकारिणीने विचार करावा.

बचत गटाच्या भगिनींनी विचारले होते की मढीच्या यात्रेत असा सोडा विकता येईल का. होळीपासून पाडव्यापर्यंत कानिफनाथांच्या दर्शनाला किती माणूस येते ते आपण पाहतोच. उन्हात तहानलेल्याला थंड पेय हवेच असते. तरी माझे उत्तर नाही असेच आहे. खाण्यापिण्याचा कोणताही माल विकायला अन्न परवाना किंवा नोंदणी लागते. त्यातून आपला सोडा अर्ध्या टक्क्याच्या रेषेवरचा. तो पलीकडे गेला तर १९४९ चा दारूबंदीचा कायदा आड येईल. आणि उन्हात भरलेल्या बाटल्यांचा ढीग म्हणजे फटाक्यांचा ढीग. विकावयाचे तर नोंदणी करून ताजे लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे, मोसंबीचा ताजा रस विकावा. त्यात कमाई आहे आणि जिवाला घोर नाही.

मग इतके सगळे सांभाळून हा सोडा करावाच कशाला, असेही कोणी विचारील. माझ्यापुरते सांगते. आपला भाग दुष्काळी. तरी करंजी, तिसगाव, मिरी या बाजूला लोकांनी शेततळी करून, ठिबकवर संत्री, मोसंबी, डाळिंब जगविले आहे. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. चांगला माल व्यापारी नेतो. बारीक माल, डाग पडलेला माल बांधावर राहतो. टँकरचे पाणी घालून वाढविलेले फळ बांधावर टाकताना घरच्या बाईला काय वाटते ते बाईच जाणे. त्यातले आजच पडलेले, टणक, फक्त आकाराने लहान किंवा सालीला डाग असलेले फळ वेचावे. नासके, मऊ पडलेले, बुरशीचा ठिपका असलेले घेऊ नये; नासका भाग कापून उरलेलेही रसाला घेऊ नये, कारण बुरशीचे विष चांगल्या दिसणाऱ्या भागातही उतरते. असे वेचलेले फळ सरबताला, मुरंब्याला आणि थोडे सोड्याला लावले तर घरात बाजारच्या रंगीत बाटल्या कमी येतात. पाव्हणे आले की पोराला दुकानात पिटाळण्याची आपल्याला जी सवय लागली आहे तीही कमी होते.

फळांविषयी आणखी थोडे. कैरी उकडून केलेल्या पन्ह्यात गूळ घालून हे विरजण लावले तर फार सुंदर लागते. गुळावर यीस्ट जोमाने वाढते, म्हणून बाटली लवकर पाहावी. चिंचेचा कोळ आणि गूळ यांचाही सोडा होतो. चिंच तर आपल्या दारची आहे. जांभळाचा रंग सुरेख येतो, पण जांभूळ धुऊन, बिया न चिरडता कोळून घ्यावे. द्राक्षे फार गोड असतात आणि त्यांच्या सालीवर मुळातच यीस्ट असते, म्हणून ती झपाट्याने आंबतात. नवशिक्या बाईने द्राक्षांच्या वाटेला जाऊ नये. सीताफळ, चिकू, केळी ही गरांची फळे या कामाची नाहीत. बाजारचे तयार सरबताचे सिरप घालून सोडा होत नाही, कारण ते टिकावे म्हणून त्यात घातलेले रसायन यीस्टला वाढू देत नाही. परदेशांतही अशी घरगुती पेये आहेत. मेक्सिकोत अननसाच्या सालींचे तेपाचे करतात, रशियात शिळ्या काळ्या पावाचे क्वास करतात. म्हणजे उरलेसुरले वाया घालवू नये ही बुद्धी सगळीकडच्या बायकांना सारखीच आहे.

सोडा फार दिवस उघडा राहिला तर तो आंबट ढाण होतो. हवेतले दुसरे जंतू मद्यार्काचा शिरका करतात. तो पिऊ नये. भांड्यांचे डाग काढायला वापरावा, नाहीतर ओतून द्यावा.

भगिनींनो, आपल्या सासवा-आज्यांनी दही, आंबील, पापड, लोणची केली ती आंधळेपणाने नव्हे. दह्याला किती विरजण, कोणत्या ऋतूत किती वेळ, कोणाला पथ्य आणि कोणाला नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि त्या ते सुनेला सांगत होत्या. नवीन पदार्थ घरात आणताना त्याचे पथ्यही घरात आणावे लागते. मोबाईलवर कृती दोन मिनिटांत दिसते, पण पथ्य सांगायला आजींसारखे माणूस लागते. त्यांनी भर हळदीकुंकवात तो प्रश्न विचारला म्हणून मला मुलीला घेऊन हिशेबाला बसावे लागले. मी त्यांची ऋणी आहे. मंडळात असे प्रश्न विचारले जावेत आणि त्यांची उत्तरे शोधली जावीत, यासाठीच तर आपण जमतो.

ज्यांना आल्याचे विरजण हवे असेल त्यांनी येत्या आठवड्यात माझ्याकडे वाटी घेऊन यावे. दह्याच्या विरजणाला आपण नाही म्हणत नाही, तसेच यालाही म्हणणार नाही. मात्र बाटली प्लॅस्टिकचीच, आणि पेला देताना ते चार शब्द, एवढे वचन वाटीबरोबर घेईन.

 

जय हिंद! जय महाराष्ट्र!